डेस्कटॉप संगणक अचानक बंद पडणे

चालू असलेला डेस्कटॉप कोणतीही सूचना न देता क्षणात बंद होतो आणि मग पॉवर बटण दाबूनही सुरू होत नाही, असा बिघाड. संगणक हँग होणे किंवा निळा स्क्रीन येऊन तो रीस्टार्ट होणे हा प्रकार वेगळा; त्यामागे सॉफ्टवेअर, ड्रायव्हर किंवा रॅम असू शकते. दिवा गेल्यासारखा संगणक विझला आणि उठलाच नाही, तर दोष बहुधा वीजपुरवठ्यात, उष्णतेत किंवा मदरबोर्डवर, म्हणजे सगळे भाग जोडणाऱ्या मुख्य पट्टीवर असतो. अशा वेळी व्हायरसला बोल लावून फॉरमॅट मारण्याची घाई करणे व्यर्थ आहे. बटण दाबल्यावर पंखासुद्धा फिरत नसेल, तर यंत्र हार्ड डिस्कपर्यंत पोहोचलेलेच नसते.

दोष शोधायचा तर संगणक सुरू कसा होतो हे आधी पाहावे लागते. कॅबिनेटमधील एसएमपीएस, म्हणजे वीजपुरवठ्याचा डबा, घरातल्या एसी विजेचे 12, 5 आणि 3.3 व्होल्ट डीसीमध्ये रूपांतर करतो. संगणक बंद असला, तरी मागचे बटण चालू असेपर्यंत जांभळ्या वायरमधून 5 व्होल्टचा स्टँडबाय पुरवठा मदरबोर्डला मिळतच असतो. पॉवर बटण दाबले की मदरबोर्ड 24 पिनच्या कनेक्टरमधील हिरवी वायर ग्राउंडला जोडतो आणि एसएमपीएस जागा होतो. सगळे व्होल्टेज स्थिर झाले, की साधारण 100 ते 500 मिलिसेकंदांत करड्या वायरवरून ‘पॉवर गुड’ हा संकेत येतो. त्यानंतरच प्रोसेसर कामाला लागतो, बायोस (मदरबोर्डवरील सुरुवातीचा प्रोग्राम) रॅम व ग्राफिक्स तपासतो आणि शेवटी डिस्क वाचली जाते. ही साखळी नेमकी कुठे तुटते, हे पाहणे म्हणजेच निदान.

बटण दाबल्यावर काहीच होत नसेल, तर भिंतीच्या सॉकेटपासून सुरुवात करावी: सॉकेट, एक्स्टेन्शन बोर्ड, पॉवर केबल, एसएमपीएसचे मागचे बटण. या गोष्टी क्षुल्लक वाटतात म्हणून लोक त्या शेवटी पाहतात, आणि तोवर कॅबिनेट विनाकारण खोलले गेलेले असते. कधी दोष बटणातच असतो. त्याची वायर मदरबोर्डवरून काढून त्या दोन पिना स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने क्षणभर जोडल्या आणि संगणक सुरू झाला, तर गुन्हेगार सापडला. बटण आत दाबलेलेच अडकून राहिले, तर संगणक सुरू होऊन साधारण 4 सेकंदांत बंद होतो. कारण बटण तेवढा वेळ दाबून धरणे हा सक्तीने बंद करण्याचाच आदेश आहे.

पंखा किंचित हलून लगेच थांबत असेल, तर बहुधा कुठेतरी शॉर्ट झालेले असते आणि एसएमपीएसने स्वतःच्या संरक्षणासाठी पुरवठा तोडलेला असतो. काही एसएमपीएस या अवस्थेत अडकून बसतात. प्लग काढून काही मिनिटे थांबल्याशिवाय ते पुन्हा सुरू होत नाहीत. वादळानंतर ‘आपोआप दुरुस्त’ झालेल्या संगणकांचे रहस्य पुष्कळदा हेच असते.

एसएमपीएस वेगळा तपासायचा, तर सगळे कनेक्टर काढून हिरवी वायर कुठल्याही काळ्या, म्हणजे ग्राउंडच्या वायरला जोडतात. पंखा फिरला म्हणजे तो सुरू होतो एवढेच कळते. भार पडल्यावर तो टिकेल की नाही, हे या चाचणीतून समजत नाही. म्हणून संगणक जोडलेला असताना मल्टिमीटरने मोजणे अधिक भरवशाचे. 12 व्होल्टची वायर 11.4 ते 12.6 आणि 5 व्होल्टची 4.75 ते 5.25 या मर्यादेत हवी. एसएमपीएसचा डबा मात्र खोलू नये. 230 व्होल्टच्या पुरवठ्यावर आतील मोठ्या कपॅसिटरमध्ये 300 व्होल्टहून अधिक दाब साठतो आणि प्लग काढल्यावरही तो काही काळ राहू शकतो.

काही मिनिटे चालून बंद होणारा आणि थंड झाल्यावर पुन्हा उठणारा संगणक उष्णतेकडे बोट दाखवतो. प्रोसेसर तापला की आधी वेग कमी करतो. तेवढ्याने भागले नाही, तर यंत्र जळू नये म्हणून पुरवठाच तोडला जातो. पंखा नीट फिरताना दिसतो, पण तो काढून पाहिला की खाली हीटसिंकच्या (उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या) पात्यांवर धुळीचा नमद्यासारखा थर बसलेला असतो आणि हवा त्यातून जातच नाही. प्रोसेसर आणि हीटसिंक यांमधली सुकलेली थर्मल पेस्ट किंवा कुलरची सुटलेली एखादी पिनही हेच करते.

पंखे फिरतात, पण डिस्प्ले नाही, अशा वेळी प्लग काढून रॅम बाहेर घ्यावी, तिचे सोनेरी संपर्क खोडरबराने हलकेच पुसावेत आणि एकच पट्टी बसवून पाहावे. मदरबोर्डला स्पीकर असेल, तर बीप मोजावेत. त्यांचे अर्थ बायोसच्या निर्मात्यानुसार बदलतात. 3 व्होल्टचा सीआर2032 सेल काढून बायोस रीसेट करणे हाही एक प्रयत्न. तरीही काही झाले नाही, तर मदरबोर्ड, प्रोसेसर, एक रॅम आणि एसएमपीएस एवढेच जोडून संगणक चालवतात आणि मग एकेक भाग वाढवत जातात. एकाच वेळी तीन भाग बदलले, तर खराब कोणता होता ते कळत नाही. मदरबोर्डवरील कपॅसिटरही निरखावेत. या शतकाच्या सुरुवातीच्या वर्षांत सदोष इलेक्ट्रोलाइटमुळे असंख्य मदरबोर्ड निकामी झाले; फुगलेला माथा आणि बुडाशी तपकिरी ओघळ ही त्यांची खूण होती.

जळका वास आला असेल, तर ‘एकदा चालू करून बघू’ हा मोह टाळावा. डिस्कवरचा डेटा अशा बिघाडात सहसा शाबूत असतो. ती काढून दुसऱ्या संगणकाला जोडावी आणि दुरुस्तीआधी महत्त्वाच्या फाइल उतरवून घ्याव्यात. मॉड्युलर, म्हणजे सुट्या केबलचा एसएमपीएस बदलताना त्याच्या जुन्या केबल नव्याला लावू नयेत. प्लग सारखा दिसला, तरी एसएमपीएसच्या बाजूची पिनांची रचना सर्व कंपन्यांची एक नसते आणि चुकीच्या पिनेतून आलेले 12 व्होल्ट चांगली डिस्क जाळू शकतात.