आओकी शिगेरूने ती मासळी उतरताना पाहिलीच नव्हती

जपानी चित्रकार आओकी शिगेरू (१८८२–१९११) याच्या ‘उमी नो साची’ (समुद्राची देणगी) या चित्राबद्दल एक कथा वर्षानुवर्षे चालत आली आहे: किनाऱ्यावर मासळी उतरताना त्याने पाहिली आणि भारावून जाऊन ती तशीच कॅनव्हासवर उतरवली. ऐकायला छान आहे, पण खरी नाही.

१९०४ च्या उन्हाळ्यात, कलाशाळेतून नुकताच बाहेर पडलेला आओकी मित्रांसोबत चिबा प्रांतातल्या मेरा या कोळीवाड्यात राहायला गेला. मासळी उतरण्याची ती धांदल पाहिली ती त्याच्या गावचाच मित्र, चित्रकार साकामोतो हानजिरो याने. संध्याकाळी त्याने वर्णन केलं आणि आओकीने त्यावरून चित्र रचलं. हे खुद्द साकामोतोनेच पुढे सांगितलं आहे. नीट पाहिलं तर चित्रातही ते दिसतंच. शार्क खांद्यावर घेतलेले दहा नग्न कोळी देवळावरच्या शिल्पपट्टासारखे एका रांगेत चालतात, कडेच्या आकृत्या अर्धवट सोडलेल्या आहेत आणि मधूनच एक गोरा चेहरा थेट आपल्याकडे बघतो. तो त्याची प्रेयसी फुकुदा ताने हिचा असावा, असं मानतात. भर किनाऱ्यावर असं दृश्य कुठून दिसणार?

आओकीला ‘हयातीत कुणी विचारलं नाही’ असंही म्हटलं जातं; तेही अर्धसत्यच. १९०३ मध्ये हाकुबाकाई या चित्रकार मंडळाचं पारितोषिक त्याला मिळालं होतं. उतरती कळा लागली ती १९०७ नंतर: टोकियोच्या प्रदर्शनात त्याच्या दुसऱ्या एका चित्राला बक्षिसांत सगळ्यांत खालचं स्थान, मग वडिलांच्या आजारपणामुळे क्यूशू बेटावरच्या गावी परतणं, आणि अखेर क्षयाने २८ व्या वर्षी मृत्यू.