डिक्कीतला फ्रिज आणि नवतपा

रात्री दोनला रामटेकजवळच्या खिंडसी तलावाच्या काठावर गाडीच्या बॅटरीवर चालणारा आमचा छोटा फ्रिज बोंबलला. टी-टी-टी असा तीनदा वाजला आणि बंद पडला. थोड्या वेळाने आपणहून सुरू झाला, घुर्र केलं न केलं तोच पुन्हा टी-टी-टी. आत आईचं इन्सुलिन, दही आणि सकाळसाठी सावजी मसाला लावून ठेवलेलं मटण. मेव्हण्याने तंबूतून डोकं बाहेर काढलं. "भाऊजी, ब्याटरी बसली जी. मी म्हटलंच होतं, सोलर घेऊन चला म्हणून."

मल्टीमीटर लावून पाहिला. गाडीच्या बॅटरीवर १२.४ व्होल्ट. म्हणजे बॅटरी बसलेली नव्हती, आणि तरी फ्रिज म्हणत होता की मला वीज पुरत नाही. शेवटी आम्ही दोघांनी तो उचलून गाडीच्या डिक्कीत नेऊन ठेवला, आणि तिथे तो सकाळपर्यंत गुमान चालला. बॅटरी तीच, फ्रिजही तोच. काय झालं होतं ते पुढे सांगतो, आधी हिशेब.

वॉट-तास वगैरे शब्द ऐकले की लोक पळतात, म्हणून आपल्या वीजबिलातलं युनिटच घेऊ. हजार वॉटचं यंत्र तासभर चाललं की एक युनिट. बाराशे रुपयांचं बिल पाहून कपाळाला हात लावणाऱ्या माणसाला युनिट म्हणजे काय ते वेगळं समजावून सांगावं लागत नाही. १२ व्होल्टची १०० अँपिअर-तासांची बॅटरी म्हणजे १२ गुणिले १००, बाराशे वॉट-तास, अर्थात सव्वा युनिटाला थोडं कमी. एवढी मोठी बॅटरी आणि तिच्यात घरच्या दराने दहा-पंधरा रुपयांची वीज! जंगलात तेवढ्याच विजेसाठी हजारो रुपये मोजावे लागतात ते विजेचे नसतात, ती सोबत वाहून नेण्याचे असतात. खिशातल्या २०,००० मिलीअँपिअर-तासांच्या पॉवर बँकेचा आकडा भारदस्त दिसतो, पण तो आतल्या ३.७ व्होल्टच्या सेलचा असतो. गुणाकार केला की ७४ वॉट-तास. त्यावर फ्रिजचा कॉम्प्रेसर दीड तासही धड चालणार नाही.

दिव्यांचा हिशेब तर एका ओळीत संपतो. ३ वॉटचा एलईडी दिवा पाच तास लावला तर १५ वॉट-तास. असे तीन दिवे लावले तरी युनिटाचा विसावा भागही होत नाही. जुन्या पिवळ्या बल्बच्या काळात हे जमलं नसतं, कारण तो तेवढाच उजेड द्यायला सात-आठपट वीज खायचा. तरी शिबिरात कोणी दिवा चालू ठेवला की "बंद कर, बॅटरी जाते" असं ओरडणारा एक जण असतोच. खरा खादाड शेजारी घुरघुरत बसलेला असतो.

माझा फ्रिज ४० लिटरचा, कॉम्प्रेसरवाला. चालू असताना साधारण ४५ वॉट घेतो. पण तो सतत चालत नाही. आत गार झालं की थांबतो, तापायला लागलं की पुन्हा सुरू होतो. म्हणून खोक्यावरचा ४५ हा आकडा खरा असूनही अपुरा आहे. तो दिवसातून किती वेळ चालणार, हे खोकं सांगू शकत नाही, कारण ते नागपूरवर अवलंबून आहे. छोटं मीटर जोडून मी दोनदा मोजलं. डिसेंबरात चोवीस तासांत ०.२२ युनिट. मे महिन्यात, तोच फ्रिज, तेवढंच सामान: ०.६८. तिपटीहून जास्त.

इतका फरक कुठून येतो? फ्रिज थंडी 'तयार' करत नाही, आतली उष्णता उपसून बाहेर टाकतो. विहिरीवरच्या मोटेसारखंच हे काम आहे. पाणी जितकं खोल, तितकी बैलांची दमछाक जास्त. इथे खोली म्हणजे आतल्या आणि बाहेरच्या तापमानातला फरक. सादी कार्नो या फ्रेंच अभियंत्याने १८२४ मध्ये उष्णतेच्या यंत्रांवर जी मर्यादा दाखवून दिली, तीच उलट्या बाजूने फ्रिजलाही लागू पडते. आत ४ अंश आणि बाहेर २५ असतील तर आदर्श फ्रिज एक युनिट विजेत तेरा युनिट उष्णता उपसू शकतो. बाहेर ४५ झाले की जेमतेम पावणेसात. खरी यंत्रं या मर्यादेच्या बरीच खाली असतात, पण उतार तोच.

आणि ही अर्धीच गोष्ट झाली. विहीर खोल झाली की झिरपाही वाढतो. फ्रिजच्या भिंतीतून आत शिरणारी उष्णता या फरकाच्याच प्रमाणात असते: २१ अंशांचा फरक ४१ झाला की झिरपणारी उष्णता जवळपास दुप्पट. म्हणजे उपसायचं पाणी दुप्पट आणि प्रत्येक बादलीचे कष्टही वाढलेले. कॉम्प्रेसरमागची जाळी भोवतालच्या हवेपेक्षा नेहमीच गरम असते, आतली नळी आतल्या हवेपेक्षा गार असते, हे धरून गणित केलं की एकूण फरक तिपटीच्या घरात येतो. माझ्या मीटरने तेच सांगितलं तेव्हा मला उगाच बरं वाटलं.

बाजारात स्वस्तातला एक प्रकार मिळतो, 'थर्मोइलेक्ट्रिक' म्हणतात त्याला. १८३४ मध्ये ज्याँ पेल्तिए या फ्रेंच संशोधकाला आढळलं की दोन वेगळ्या धातूंच्या सांध्यातून वीज गेली तर सांध्यावर उष्णता शोषली किंवा सोडली जाते. त्यावर हे डबे चालतात. कॉम्प्रेसर नाही, गॅस नाही, वजनाला हलके. पण ते बाहेरच्या तापमानापेक्षा साधारण १५ ते २० अंशच खाली जातात. महाबळेश्वरला ठीक आहे. नवतपात, म्हणजे मेअखेरच्या नऊ कडक उन्हाच्या दिवसांत, बाहेर ४५ असताना आत २५ च्या खाली जाणं कठीण, आणि त्यासाठी ५०-६० वॉट बहुधा सतत. पंचवीस अंश तर आमच्या अंगणातला माठही देतो, तोही वीज न खाता.

माठाची चेष्टा नाही करत. विदर्भातला उन्हाळा कोरडा असतो हे आपलं भाग्य. हवा ४४ अंश आणि आर्द्रता १५ टक्के असेल, तर ओल्या कापडाभोवतीचं तापमान तत्त्वतः २३-२४ पर्यंत उतरू शकतं. एक लिटर पाणी उडून जाताना सुमारे ०.६७ युनिट उष्णता घेऊन जातं. कूलरच्या वाळ्याच्या ताट्यांमागे हेच तर चाललेलं असतं. मी आता पिण्याच्या पाण्याला फ्रिजमध्ये जागाच देत नाही. त्यासाठी माठ, तोही सावलीत, वाऱ्याच्या बाजूला.

यावरून घरातला एक जुना वाद आठवला. पोरांनी झाकण उघडलं की आई ओरडते, "झाकण लाव, सगळी थंडी जाते!" मी एकदा आकडेमोड करून पाहिली. ४० लिटर हवेचं वजन पन्नास ग्रॅमच्या आतबाहेर. ती सगळीच्या सगळी बदलली आणि ४० अंशांनी गार करावी लागली, तरी उष्णता भरते अर्ध्या वॉट-तासाच्या आसपास. वर झाकण असलेल्या फ्रिजमधून थंड हवा तशीही बाहेर सांडत नाही, जड असल्याने तळाशी बसते. उलट उन्हात तापलेली एक लिटरची बाटली आत ठेवली, ४० वरून ५ अंशांवर आणायची, तर ४१ वॉट-तास उष्णता उपसावी लागते. म्हणजे सत्तर-पंचाहत्तर वेळा झाकण उघडल्यासारखं. पावसाळ्याच्या दमट हवेत झाकणाचा हिशेब थोडा बिघडतो, पण उन्हाळ्यात खरा गुन्हेगार गरम बाटलीच. हे आईला सांगितलं. ती म्हणाली, "तरी झाकण लाव."

तेव्हा बॅटरी मोठी घेण्याआधी बर्फ बघा. एक किलो बर्फ वितळताना ९३ वॉट-तास उष्णता गिळतो. निघायच्या आदल्या रात्री घरच्या फ्रीजरमध्ये लिटरच्या पाच बाटल्या गोठवल्या की साडेचारशेहून जास्त वॉट-तासांची 'उपसाई' घरच्या स्वस्त विजेवर आधीच होऊन जाते. फ्रिजही आदल्या रात्रीच भिंतीच्या प्लगवर गार करून घ्यायचा आणि भरलेलाच गाडीत ठेवायचा. फक्त इन्सुलिन बर्फाला किंवा आतल्या भिंतीला चिकटून ठेवू नका. त्याला २ ते ८ अंश लागतात, आणि एकदा गोठलं की ते टाकूनच द्यावं लागतं.

आता खिंडसीची ती रात्र. फ्रिज तंबूजवळ ठेवावा म्हणून मी गाडीपासून दहा मीटर वायर ओढली होती. घरात पडून होती ती, जुन्या टेबलफॅनची, एक एमएमची, म्हणजे आतल्या तांब्याचा छेद एक चौरस मिलिमीटर. तिथेच चूक होती. दहा मीटर जायचे आणि दहा यायचे, अशा वीस मीटर तांब्याचा रोध सुमारे ०.३५ ओहम. १२ व्होल्टवर ४५ वॉटचा फ्रिज चार अँपिअरच्या आसपास करंट ओढतो. ०.३५ गुणिले ४ म्हणजे १.४ व्होल्ट वायरमध्येच गेले. बॅटरीवर १२.४, फ्रिजच्या तोंडाशी ११.०. गाडीची बॅटरी पार रिकामी होऊ नये म्हणून या फ्रिजमध्ये कमी व्होल्टेजला बंद पडायची सोय असते, आणि माझ्या फ्रिजवर ती सर्वांत कडक खुणेवर होती. तो बंद पडला की करंट थांबायचा, करंट थांबला की वायरमधली घटही संपायची, फ्रिजला वाटायचं बॅटरी सुधारली, तो पुन्हा सुरू व्हायचा. डिक्कीत नेईपर्यंत हेच; तिथे ही लांब वायर मध्ये नव्हती.

हीच वायर घरी २३० व्होल्टवर कधी कुरकुरली नाही, कारण तिथे तेवढ्याच वॉटला करंट ०.२ अँपिअरच लागतो. आता मी चार एमएमची वायर वापरतो, तीही आखूड, आणि बॅटरीच्या टोकालाच फ्यूज. दुकानदार विचारतो, "एवढ्याशा फ्रिजला एवढी जाड वायर कशाला साहेब?" आपण हसून घ्यायची.

मग काही जण म्हणतात, इन्व्हर्टर लावून २३० करूनच टाका. ते वाईट. बारा व्होल्टचे दोनशे तीस करायचे आणि फ्रिजच्या अडॅप्टरने पुन्हा त्याचे बारा करायचे, यात दोन्हीकडे गळती. शिवाय इन्व्हर्टर नुसता जागा राहायलाच १० वॉट घेत असेल, तर दिवसभरात ०.२४ युनिट. डिसेंबरात माझा अख्खा फ्रिज त्याहून कमी खातो.

बॅटरीचं थोडक्यात. गाडीची बॅटरी इंजिनाला एक जोरदार धक्का देण्यासाठी बनलेली असते, तिला रात्रभर हळूहळू पिणारं गिऱ्हाईक मानवत नाही. एक रात्र निभते, दुसऱ्या रात्रीनंतर धक्का मारायला माणसं शोधावी लागतात. म्हणून वेगळी बॅटरी हवी. शिसे-आम्लाची असेल तर अर्धीच वापरावी, लिथियम आयर्न फॉस्फेटची असेल तर ८०-९० टक्के खुशाल. शंभर अँपिअर-तासांची पहिली तीस किलोच्या घरात, दुसरी बारा-तेरा. या दुसरीचं रसायन १९९७ मध्ये पाढी, नंजुंडस्वामी आणि गुडइनफ यांच्या शोधनिबंधातून जगासमोर आलं. त्यातल्या गुडइनफना लिथियम बॅटऱ्यांवरच्या कामासाठी २०१९ चं नोबेल मिळालं, तेव्हा ते ९७ वर्षांचे होते. बॅटरी सुरक्षित आहे, पण नागपुरी उन्हाळ्यात बंद गाडीत सोडू नका. अनेक उत्पादक चार्जिंगला ४५ अंशांची मर्यादा घालतात, आणि काचा लावून उन्हात उभी गाडी ती दुपारच्या आतच ओलांडते.

सोलरच्या बाबतीत गंमत अशी की मेमध्ये सूर्य भरपूर आणि तरी वीज कमी पडते. नागपूर २१.१ उत्तर अक्षांशावर, त्यामुळे २६ मेच्या सुमारास, ऐन नवतपात, मध्यान्हीचा सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि खांबाची सावली नाहीशी होते. पॅनेल जमिनीवर सपाट टाकलं तरी चालतं. पण १०० वॉटच्या पॅनेलचा हा आकडा ते २५ अंशांवर असतानाचा, आणि मेच्या दुपारी ते पासष्टच्या पुढे जातं. दर अंशामागे ०.३५ ते ०.४ टक्के घट, म्हणजे तिथेच १५ टक्के गेले. त्यात धूळ, आणि पॅनेल व बॅटरीच्या मधल्या चार्ज कंट्रोलरमधली गळती. दिवसभरात हाती येतं ०.४५ युनिट, आणि फ्रिज मागतो ०.६८. डिसेंबरात सूर्य मध्यान्हीही क्षितिजापासून ४५ अंशांवरच असतो, पण पॅनेल दक्षिणेकडे तेवढंच उभं करून ठेवलं की ०.३५ युनिट तरी मिळतं, आणि फ्रिजला हवे असतात ०.२२. उरलेल्यात दिवे, फोन, सगळं भागतं.

आणखी एक. पॅनेलमधले सेल एकामागोमाग जोडलेले असतात, त्यामुळे सागाच्या एका पानाची सावलीसुद्धा पॅनेलचा मोठा भाग निकामी करते. फ्रिज सावलीत, पॅनेल उन्हात, दोघांचं एकमेकांशी पटत नाही. अशा वेळी लांब वायर पॅनेलच्या बाजूला द्यावी, तिथे व्होल्टेज अठराच्या आसपास असतं आणि थोडी घट परवडते. बॅटरी मात्र फ्रिजला खेटून.

गेल्या उन्हाळ्यात पेंचच्या बाहेर, सिल्लारीकडे, ओळखीच्या शेतात मुक्काम केला. व्याघ्र प्रकल्पात तंबू ठोकता येत नाही, आणि ते योग्यच आहे. पाच बाटल्या बर्फ, कडुनिंबाखाली फ्रिज, शेजारी माठ, चार एमएमची वायर. जानेवारी २०२४ मध्ये पेंचला 'डार्क स्काय पार्क'चा, म्हणजे रात्रीचं काळोखं आकाश जपणाऱ्या उद्यानाचा, आंतरराष्ट्रीय दर्जा मिळाला, भारतातला पहिलाच. आसपासच्या गावांतले रस्त्यावरचे दिवे त्यासाठी खाली तोंड करून बसवले आहेत. आपणही पांढराशुभ्र झगझगीत दिवा नेऊ नये. मंद पिवळ्या उजेडाला किडेही कमी येतात, आणि डोळे अंधाराला सरावले की अर्ध्या तासात आकाशगंगा दिसू लागते. रात्री दहाला आम्ही तोही दिवा मालवला.

सकाळी मेव्हणा मीटरजवळ उकिडवा बसला होता. चोवीस तासांत ०.४६. "भाऊजी," तो म्हणाला, "म्हणजे मटण उरलं असतं तरी टिकलं असतं जी."