झेब्रा शिंपले जहाजाला चिकटून नाही, जहाजाच्या पोटातून आले

झेब्रा शिंपले जहाजांच्या तळाला चिकटून युरोपातून उत्तर अमेरिकेच्या पंचमहासरोवरांत पोचले, असं सर्रास सांगितलं जातं. पण गोड्या पाण्यातला हा जीव बाहेर चिकटून अटलांटिकच्या खाऱ्या पाण्यात तगणार कसा? तो आला बॅलास्टच्या टाक्यांतून. माल कमी असला की जहाजाचा तोल राहावा म्हणून बंदरातलंच पाणी आत भरतात. नदीवरच्या बंदरात ते गोडं, आणि त्यात या शिंपल्यांच्या डोळ्यांना न दिसणाऱ्या अळ्या. पलीकडे माल चढवताना तेच पाणी सरोवरात सोडलं जाई. १९८८ मध्ये पंचमहासरोवरांना जोडलेल्या सेंट क्लेअर सरोवरात हे शिंपले सापडले. पुढे त्यांनी पाणीपुरवठ्याचे पाइप तुंबवले. म्हणूनच तिथे येणाऱ्या जहाजांना आता 'रिकाम्या' (म्हणजे तळाशी थोडंच पाणी उरलेल्या) टाक्यासुद्धा समुद्रातच खाऱ्या पाण्याने धुवाव्या लागतात. एका सरोवरातून दुसऱ्यात नेल्या जाणाऱ्या छोट्या बोटींबाबत मात्र चिकटण्याची गोष्ट खरी आहे.