डोंगर जागचा हलत नाही, कळस हलतो

गेल्या महिन्यात चुलतभावाने घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर आमच्या जुन्या घराचा फोटो टाकला, एआयकडून 'क्लिअर' करून घेतलेला. बदामांचा पाऊस पडला. मी मूळ फोटो शेजारी धरून पाहिला. त्यात छपरावर गावठी नळ्यांची कौलं आहेत. नव्या फोटोत ओळीने मंगलोरी कौलं बसली होती, आणि मागच्या डोंगराची गुळगुळीत टेकडी झाली होती. हे सॉफ्टवेअर फोटोत दडलेलं काही शोधून काढत नाही. पुसट जागी 'इथे बहुधा असं असेल' म्हणून भर घालतं. घर कुठे होतं हे शोधायला असला फोटो काडीच्या उपयोगाचा नाही.

घर वाईजवळच्या एका खेड्यात होतं, पडूनही जमाना झाला. नेमकं कुठल्या जागी, यावर थोरल्या आत्या आणि काका यांचं आजवर जमलेलं नाही. फोटोतला डोंगरही कुणाला ओळखू येईना. मग आजोबांच्या कोटाकडे लक्ष गेलं: छातीवरचा खिसा उजवीकडे! तो असतो डावीकडे. म्हणजे काचेची निगेटिव्ह पालथी धरून प्रत छापली होती. फोटो आरशासमोर धरला आणि पांडवगड ओळखीचा झाला. (याच उलट्या फोटोवरून एका वास्तुवाल्याने दाराची दिशा ठरवून घराण्याचे दोष सांगितले होते. दक्षिणाही घेतली होती.)

खरी गंमत पुढे आहे. फोटोत घराच्या डावीकडे देवळाचा कळस दिसतो, आणि तो गडाच्या एका खिंडीच्या बरोब्बर खाली येतो. देऊळ अजून आहे. गड तर आहेच.

हात लांब करून अंगठा धरा आणि एकेक डोळा मिटून पाहा. अंगठा मागच्या भिंतीवर इकडून तिकडे उडी मारतो. याला पॅरॅलॅक्स म्हणतात, मराठीत पराशय. याच युक्तीने बेसेलने १८३८ साली हंस तारकासमूहातल्या एका ताऱ्याचं अंतर काढलं होतं. आमचं काम त्या मानाने किरकोळ. समजा कळस कॅमेऱ्यापासून १२० मीटरवर आहे आणि गड ५ किलोमीटरवर. तुम्ही १० मीटर बाजूला सरकलात, तर कळस जवळजवळ पावणेपाच अंश सरकतो, गड मात्र जेमतेम ०.१ अंश. पौर्णिमेचा चंद्र आपल्याला अर्ध्या अंशाचा दिसतो. म्हणजे गडाच्या तुलनेत कळस नऊ चंद्रांइतका हलला! म्हणून खिंड आणि कळस एका रेषेत येतील अशी जागा शोधताना पावलाचीसुद्धा चूक लपत नाही.

पण यातून फक्त रेषा मिळते. त्या रेषेवर पुढेमागे कुठे उभं राहायचं? इथे कळसाची उंची कामाला येते. १२० मीटरवरून २४० वर गेलात तर कळस निम्मा दिसतो, गड जेमतेम दोन टक्क्यांनी लहान होतो. म्हणजे फोटोतली कळसाची उंची भागिले खिंडीची रुंदी, हे गुणोत्तर अंतर सांगतं. फोटो लहान छापा, मोठा छापा, मधला तुकडा कापून घ्या, हे गुणोत्तर बदलत नाही. लेन्स बदलली तरी नाही. 'टेलिफोटो लेन्स डोंगर जवळ ओढते' हा समज चुकीचा आहे. ती फक्त मधला भाग मोठा करते. जवळच्या-लांबच्या वस्तूंचं आपसातलं प्रमाण कॅमेरा कुठे उभा आहे यावरच ठरतं. (भिंगाच्या कडांना रेषा थोड्या वाकतात, ते सध्या सोडून देऊ.)

दिवाळीत आम्ही गेलो. फोटोची सरळ केलेली प्रत हातात, आत्या प्लॅस्टिकच्या खुर्चीवर. खिंडीखाली कळस आणत मी मागे मागे सरकत गेलो. गुणोत्तर जुळलं तेव्हा माझी टाच एका गोबरगॅसच्या टाकीला टेकली होती. समोर, फोटोत ओटा होता तिथे, आता कडब्याची गंजी. ना आत्यांची जागा, ना काकांची.

फोटोत ओट्याला तीन पायऱ्या आहेत, मधलीचा उजवा कोपरा उडालेला. गंजीपलीकडे नळाखाली एक बाई काळ्या दगडावर धुणं आपटत होत्या. "आजी, जरा दगड बघू द्या," म्हणालो. त्यांनी गोधडी उचलली. कोपरा उडालेला होता.