जुन्या पद्मिनीतलं पाणी

रविवारी सकाळी बोनेट उघडलं की मी आधी ऑइल भरायचं झाकण काढतो आणि उलटं करून बघतो. आतून काळपट, तेलकट असेल तर ठीक. पावसाळ्यात मात्र कधीकधी तिथे पिवळट, सायीसारखा थर दिसतो. बोटाने पुसला तर चिकट लागतो, वासही वेगळा येतो. ते तेलात घुसळलं गेलेलं पाणी.

आमची प्रीमियर पद्मिनी १९८८ची. कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली, १०८९ सीसीची, आणि आठवड्यातून चार दिवस तरी रस्त्यावर असणारी. मुंबईत शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेव आरटीओत नोंदवली गेली आणि टॅक्सीची २० वर्षांची मुदत भरल्यावर २०२३मध्ये काळी-पिवळी पद्मिनी रस्त्यावरून गेली. पण खासगी पद्मिनी अजून अनेक घरांत चालत्या आहेत. त्या चालत्या ठेवायच्या तर काय तपासायचं, असं कोणी विचारलं तर मी सांगतो, पाण्याचा माग काढा. बहुतेक दुखणी तिथेच सापडतात.

झाकणाखालचं पाणी येतं कुठून? पेट्रोलमधूनच. पेट्रोलमधल्या हायड्रोजनचा हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग होऊन १ लिटर पेट्रोलमागे सुमारे ०.९ लिटर पाणी तयार होतं. त्यातलं बहुतेक वाफ होऊन सायलेन्सरमधून निघून जातं. थोडी वाफ पिस्टनच्या रिंगांना चुकवून खाली तेलाच्या चेंबरमध्ये उतरते. इंजिन चांगलं तापलेलं असेल तर ती तिथे टिकत नाही. पण गाडी फक्त मंडईपर्यंत नेऊन आणली, तर तेल गरम व्हायच्या आतच इंजिन बंद होतं आणि पाणी तेलातच राहतं. ज्वलनात तयार झालेली आम्लं त्यात मिसळतात आणि बेअरिंगचा धातू हळूहळू खातात. म्हणून आठवड्यातून एकदा तरी गाडी अर्धा-पाऊण तास सलग चालवावी.

साय फक्त झाकणाला असेल आणि रेडिएटरची पातळी जागेवर असेल, तर एवढ्याने भागतं. पण डिपस्टिकवरचं, म्हणजे तेल मोजायच्या पट्टीवरचं, तेलही दुधाच्या चहासारखं दिसायला लागलं आणि रेडिएटरमधलं पाणी कमी व्हायला लागलं, तर गाडी तिथेच उभी करावी. हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाचा खालचा ब्लॉक आणि वरचं हेड यांच्यामधलं पातळ सील, गेल्याचं ते लक्षण असतं. या इंजिनाचा ब्लॉक बिडाचा आणि हेड अ‍ॅल्युमिनियमचं. तापमान तेवढंच वाढलं तरी अ‍ॅल्युमिनियम बिडाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतं. इंजिन एकदा जरी जास्त गरम झालं, तरी हेड वाकू शकतं आणि मधलं गॅस्केट फुटू शकतं.

रेडिएटरमध्ये पाणी हवंच, पण ते नळाचं नको. बोअरच्या जड पाण्यातले क्षार बारीक नळ्यांत किटलीसारखे साचतात आणि त्या थरातून उष्णता नीट बाहेर पडत नाही. डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट घालावं. कूलंटमधली गंजरोधक रसायनं हेडच्या अ‍ॅल्युमिनियमलाही जपतात. रेडिएटरच्या टोपीकडे फार कमी लोक बघतात. समुद्रसपाटीला पाणी १०० अंशांना उकळतं, महाबळेश्वरला ९५-९६ अंशांनाच. टोपीतली स्प्रिंग आत दाब धरून ठेवते म्हणून घाट चढता येतो. हवेच्या दाबाहून निम्मा दाब जास्त असेल, तर उत्कलनबिंदू १११ अंशांच्या आसपास जातो. टोपीचं रबर कडक झालं, चिरलं, की हा सगळा फायदा गेला. आणि गरम इंजिनावर टोपी कधीही उघडू नये. दाब सुटताच आतलं पाणी एकदम उकळून अंगावर येतं.

आता ब्रेक. यावर मी सगळ्यात जास्त वेळ देतो. पद्मिनीला चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत. एकदा कुंभार्ली घाट उतरताना, चिपळूणच्या बाजूला, पेडल एकदम मऊ लागलं आणि खाली गेलं. गिअरवर आणि हँडब्रेकवर गाडी कडेला घेतली. अर्ध्या तासाने पेडल पुन्हा पहिल्यासारखं कडक! गळती कुठेच नव्हती.

कारण ब्रेक ऑइलमध्ये होतं. हे ऑइल हवेतली वाफ शोषून घेतं, ऑइलच्या डबीच्या टोपीतल्या श्वासछिद्रातून आणि रबरी होजमधूनही. डॉट ३ प्रकारच्या नव्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश असावा लागतो. त्यात ३.७ टक्के पाणी मिसळल्यावर तो १४० अंशांपर्यंत खाली आला तरी ते मानकात बसतं. डॉट ४ला हेच आकडे २३० आणि १५५. उतारावर ड्रम तापतो, ती उष्णता व्हील सिलिंडरपर्यंत, म्हणजे चाकातला ब्रेक दाबणाऱ्या छोट्या सिलिंडरपर्यंत, पोचते आणि तिथे ऑइलमधल्या पाण्याची वाफ होते. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते. आपण पेडल दाबतो तेव्हा बुडबुडेच दबतात, चाकापर्यंत जोर पोचत नाही. थंड झालं की वाफेचं पुन्हा पाणी होतं आणि ब्रेक निर्दोष दिसतो.

नवं ऑइल फिकट, जवळपास पारदर्शक असतं. कोऱ्या चहाच्या रंगाचं झालं की बदलायची वेळ आधीच टळून गेलेली असते. किनारपट्टीच्या दमट हवेत मी रंगाची वाट बघत नाही, दर दोन वर्षांनी पावसाळा संपला की पूर्ण ऑइल बदलून एअर काढून घेतो. त्याच वेळी ड्रम उतरवून व्हील सिलिंडरचे वॉशर बघतो. पाण्याने सिलिंडरला आतून गंज लागला की तो खडबडीत होतो आणि वॉशर कापला जातो. चाकाच्या आतल्या बाजूला ओला डाग दिसला तर ती गाडी घाटात नेऊ नये.

पेट्रोलमध्येही आता पाण्याला वाट मिळाली आहे. २० टक्के इथेनॉल असलेलं पेट्रोल सगळीकडे आलं आहे आणि इथेनॉल पाणी ओढून घेतं. गाडी महिनोन्‌महिने उभी राहिली तर पाणी आणि इथेनॉल मिळून टाकीच्या तळाशी वेगळे बसू शकतात. रोज चालणाऱ्या गाडीला ही भीती कमी. तिची अडचण दुसरी आहे. १ किलो पेट्रोल जळायला १४.७ किलो हवा लागते, १ किलो इथेनॉलला सुमारे ९ किलो पुरते. कार्बोरेटरचं जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारं बारीक भोक, ठरलेल्या मापाचं, त्याला हा फरक कळत नाही, म्हणून मिश्रणात हवा जास्त होते. प्लग काढून बघावा. टोक कॉफीच्या रंगाचं असेल तर उत्तम, पांढरट पडलं असेल तर जेट तपासून घ्यावं. जुने पेट्रोल पाइप बोटांनी दाबून बघावेत. फुगलेला, मऊ पडलेला पाइप तसाच ठेवणं म्हणजे आगीला बोलावणं. तो त्याच दिवशी बदलावा.

डेल्कोची, म्हणजे प्रत्येक प्लगला पाळीपाळीने वीज वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरची, टोपी जूनच्या आधी काढून कोरड्या फडक्याने पुसावी. ४ सिलिंडरचं इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेतं तेव्हा सेकंदाला १०० ठिणग्या पडतात आणि प्रत्येकीमागे हजारो व्होल्ट असतात. टोपीला ओल असली, बारीक तडा असला, की वीज प्लगकडे न जाता त्या वाटेने पळते आणि गाडी मिसिंग करते. शंका असेल तर अंधारात बोनेट उघडून इंजिन चालू ठेवावं आणि हात न लावता बघावं. वायरींवरून निळसर ठिणग्या सरकताना स्पष्ट दिसतात.

शेवटचं पाणी दरवाज्यात असतं. काचेवरून उतरलेला पाऊस दाराच्या पोटात जातो आणि खालच्या कडेच्या भोकांतून बाहेर पडायला हवा. ती भोकं मातीने बुजतात. या गाडीला वेगळी चासी नाही, पत्र्याचा सांगाडाच सगळा भार उचलतो, त्यामुळे खालच्या पट्ट्या कुजल्या तर गाडीचा कणाच गेला. मी पायाखालची मॅट उचलतो, पत्र्याला स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकून आवाज ऐकतो आणि मग बारीक तार घेऊन चारही दारांची भोकं मोकळी करतो. कधीकधी आतून वाटीभर काळं पाणी निघतं.