जयपूर फूट

जयपूर फूट हे रबर आणि लाकूड वापरून केलेले कृत्रिम पाऊल आहे. गुडघ्याच्या खाली किंवा वर पाय कापावा लागलेल्या माणसाला ते नळी आणि सॉकेटला (उरलेला पाय ज्यात बसतो त्या भागाला) जोडून बसवतात. अस्थिशल्यविशारद डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी १९६८ च्या सुमारास जयपूरच्या सवाई मानसिंह रुग्णालयात ते घडवले. सेठींना १९८१ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मास्टरजी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या शर्मांच्या वाट्याला तेवढी कीर्ती आली नाही, ही खंत वाटण्यासारखी गोष्ट आहे. साचे आणि रबर यांवर त्यांचा हात बसला नसता तर हे पाऊल झालेच नसते.

त्या काळी मिळणारे पाश्चात्त्य धर्तीचे पाऊल बूट घालून वावरणाऱ्या, खुर्चीवर बसणाऱ्या माणसासाठी होते. त्याचा घोटा ताठ असे. ते लावून उकिडवे बसता येत नसे, मांडी घालता येत नसे, चिखलातून चालले की ते लवकर खराब होई. बूट काढून देवळात किंवा स्वयंपाकघरात जायचे तर अडचण. त्यामुळे मिळालेला पाय घरात ठेवून लोक पुन्हा कुबड्या घेत, हे सेठींच्या ध्यानात आले होते. जयपूर फूटमध्ये टाच आणि चवडा स्पंज रबराचे, घोट्याजवळ लाकडाचा ठोकळा, आणि सगळ्यावर त्वचेच्या रंगाचे रबर असते. साच्यात तापवून हे भाग एकसंध करतात. पाऊल घोट्यापाशी सर्व बाजूंना लवते, त्याला बोटे असतात आणि ते अनवाणी वापरता येते. वर जोडायची नळी आधी ॲल्युमिनियमची असे, नंतर पाण्याच्या पाइपांसाठी वापरतात त्या एचडीपीई प्लॅस्टिकची आली. सेठींनी पेटंट घेतले नाही. डी. आर. मेहता यांनी १९७५ मध्ये स्थापन केलेली भगवान महावीर विकलांग सहायता समिती हा पाय विनामूल्य बसवते. भरतनाट्यम नर्तिका सुधा चंद्रन यांचा पाय १९८१ च्या अपघातानंतर कापावा लागला. जयपूर फूट लावून त्या १९८४ मध्ये पुन्हा रंगमंचावर आल्या.

पाय निवडताना लोक पावलाकडे पाहतात, पण रोजचे सुख ठरते ते सॉकेटवर. शस्त्रक्रियेनंतर स्टंप, म्हणजे कापल्यावर उरलेला पायाचा भाग, सुजलेला असतो, मग काही महिने आटत जातो. म्हणून क्रेप बँडेज नीट बांधणे, गुडघ्याखाली उशी न ठेवणे (सांधा आखडतो) आणि स्टंप आटल्यावर सॉकेट बदलून घेणे आवश्यक असते. एका दिवसात पाय बसवून घरी पाठवणाऱ्या शिबिरांची सोय मोठी आहे, मात्र नंतरच्या तपासणीला परत जाता आले नाही तर ढिला किंवा घट्ट सॉकेट जखम करतो. मधुमेहामुळे पाय गेलेल्यांना तर अनेकदा ती जखम जाणवतही नाही. त्यांनी रोज रात्री आरशात स्टंप पाहावा, दुसऱ्या पायाचा तळवाही तपासावा. नसलेल्या पायात ठणका लागणे हा भास किंवा वेड नव्हे. मेंदू आणि मज्जातंतूंमुळे होणारी ती खरी वेदना आहे आणि तिच्यावर उपचार आहेत.

जयपूर फूट वजनाला जड आहे. धावपटूला किंवा दिवसभर डांबरी रस्त्यावर चालणाऱ्याला हलके कार्बन फायबरचे पाऊल अधिक मानवते, मात्र त्याची किंमत पुष्कळ जास्त असते. शेतात राबणाऱ्या, जमिनीवर बसणाऱ्या माणसाला जयपूर फूटच सोयीचे. गुडघ्याच्या वर पाय कापला असेल तर पावलाआधी गुडघ्याच्या सांध्याचा विचार करावा लागतो. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या सहकार्याने स्वस्तातला जयपूर गुडघा त्यासाठीच तयार झाला. महाराष्ट्रात पुण्याचे लष्करी कृत्रिम अवयव केंद्र १९४४ पासून, तर मुंबईत हाजी अली येथील केंद्र सरकारची भौतिकोपचार व पुनर्वसन संस्था १९५५ पासून हे काम करते. रबराला भेगा पडल्या किंवा चालताना पाऊल सैल वाटू लागले की ते बदलून घ्यावे लागते.