रेस वाढते, गाडी पळत नाही: बेल्ट की क्लच?

"रेस घेते, पण पळत नाही." गिअरलेस स्कूटर गॅरेजला आणणारा माणूस बहुतेक वेळा एवढंच सांगतो, आणि समोरून उत्तर येतं, "क्लच गेलाय." माझ्या गाडीचं असंच झालं. सांगितल्याप्रमाणे अख्खी क्लच असेंब्ली बदलून घेतली, आणि तिसऱ्याच दिवशी सासवड रस्त्याला गाडी पुन्हा पन्नाशीला अडली. इंजिन ओरडतंय, काटा जागचा हलत नाही. दोष बेल्टचा होता, आणि बेल्ट क्लच असेंब्लीच्या मानाने कितीतरी स्वस्त. तेव्हापासून कुणीही विचारलं की मी आधी एकच विचारतो: त्रास नेमका किती स्पीडला होतो?

हा प्रश्न का, ते समजायला डावीकडच्या लांबट कव्हरच्या आत डोकवायला हवं. १९८४ साली सुरू झालेल्या किनेटिक होंडापासून आजच्या अॅक्टिव्हा, ज्युपिटरपर्यंत तत्त्व एकच आहे. पुढे इंजिनच्या शाफ्टवर एक पुली, मागे चाकाच्या बाजूला दुसरी, मध्ये रबरी बेल्ट. पुढच्या पुलीत रोलर असतात. रेस वाढली की ते बाहेर सरकतात, पुलीच्या दोन तबकड्या जवळ येतात आणि बेल्ट वर चढतो. तिकडे मागच्या पुलीत तो तेवढाच खाली उतरतो. हेच आपले गिअर. क्लच त्याच्यानंतर येतो: मागच्या पुलीवर बसवलेले शू, म्हणजे बाहेर फाकून घट्ट धरणारे तुकडे, आणि त्यांच्याभोवती लोखंडी बेल, म्हणजे वाटीसारखा ड्रम. इंजिन साधारण अडीच-तीन हजार फेऱ्यांना पोचलं की शू फाकतात, बेलला धरतात आणि चाक फिरू लागतं.

म्हणजे सिग्नलला गाडी उभी असतानाही बेल्ट फिरतच असतो, क्लच मात्र सुटलेला असतो. क्लचचं खरं काम गाडी जागेवरून उचलण्याचं. पंधरा-वीसचा वेग आला की चांगला क्लच घट्ट धरतो आणि तिथून पुढचा सगळा खेळ बेल्ट आणि रोलरचा.

त्यामुळे सिग्नल सुटल्यावर गाडी उशिरा उचलत असेल, उचलताना थरथरत असेल, दोघं बसून चढावर निघताना जळका वास येत असेल, तर क्लचकडे बघा. अॅक्सिलरेटर पूर्ण सोडूनही गाडी पुढे रेटत असेल, तर आधी आयडल, म्हणजे रेस न देता इंजिन ज्या वेगाने फिरतं तो, जास्त नाही ना ते पाहा. ते ठीक असेल तर क्लचच्या स्प्रिंग ढिल्या पडल्या असाव्यात. उलट, निघताना सगळं ठीक आणि चाळीसच्या पुढे नुसतीच रेस, टॉप स्पीड दहा-पंधराने उतरलेला, सकाळी थंड गाडी काढताना चिरकणारा आवाज, ही बेल्टची लक्षणं. झिजलेला बेल्ट अरुंद होतो. अरुंद बेल्ट पुढच्या पुलीत पूर्ण वर चढूच शकत नाही, म्हणजे गाडीला शेवटचा गिअर मिळतच नाही. मधल्याच वेगाला अडखळत असेल तर चपटे झालेले रोलर तपासा.

पावसाळ्यात मात्र फसगत होते. तुंबलेल्या पाण्यातून गाडी काढली आणि कव्हरमध्ये पाणी शिरलं, की बेल्ट सपशेल घसरतो. अगदी निघतानाही. हुबेहूब क्लच जळल्यासारखं वाटतं. अशा वेळी घाईने काही बदलू नका. कव्हर उघडून सगळं कोरडं करा आणि मग चालवून बघा.

कव्हर उघडल्यावर डोळ्यांनाच बरंच कळतं. काळी भुकटी साचली असेल तर फुंकर मारू नका, शूच्या लायनिंगची, म्हणजे त्याच्यावरच्या घासणाऱ्या थराची, धूळ फुप्फुसात जाते. ओल्या फडक्याने पुसा. बेल्ट काढून उलटा वाकवा: दातांच्या मुळाशी चिरा उघडतात. व्हर्निअर (बारीक माप घ्यायची पट्टी) लावून रुंदी नव्या बेल्टशी ताडून पाहा, एखाद-दीड मिलिमीटरची घट दिसली तर तो संपला. बेलच्या आतल्या बाजूला निळसर झाक म्हणजे क्लच घसरून तापलेला. शू काचेसारखे चकचकीत पण लायनिंग जाड असेल, तर पॉलिश पेपरने घासून थरथर काही महिने थांबते. लायनिंग उरलंच नसेल तर शू बदलण्याला पर्याय नाही. आणि बेल्टवर तेलाचा ओशटपणा दिसला तर आधी गळणारं ऑइल सील (तेल अडवणारी रबरी रिंग) शोधा, नाहीतर नवा बेल्टही महिनाभरात घसरायला लागेल.

बसवताना एक चूक फार होते आणि ती महागात पडते. मागच्या पुलीच्या तबकड्या हाताने फाकवून बेल्ट आत खोल बसवायचा, म्हणजे पुढे तो ढिला राहतो. तसं केलं नाही तर पुढचा नट आवळताना बेल्ट तबकड्यांमध्ये चिमटतो. नट घट्ट झाल्यासारखा वाटतो, प्रत्यक्षात तो बेल्टवर दाबलेला असतो. गाडी थोडी चालली की नट सैल होतो आणि शाफ्टचे आटे खातो. म्हणून नट आवळल्यावर पुढच्या पुलीजवळचा बेल्ट बोटाने हलवून बघायचा. तो सैल हलला, तरच कव्हर लावायचं.